कापूरही वितळतो

शाळेच्या प्रयोगशाळेत संप्लवनाचा प्रयोग ठरलेला असतो. बाष्पनपात्रात कापूर, त्यावर उपडं नरसाळं, नळीच्या तोंडाला कापसाचा बोळा, खाली मंद ज्योत. थोड्या वेळात नरसाळ्याच्या आतून पांढरे कण चमकू लागतात आणि मुलं वहीत लिहितात, ‘कापूर द्रव न होता थेट वायू होतो.’ प्रयोग सुरेख आहे. वाक्य मात्र अर्धवट आहे. स्फटिकांचा अभ्यास करणाऱ्या मला ते दरवर्षी नव्यानं खटकतं, कारण त्यामुळे मुलांचं डोळ्यांसमोरच्या गोष्टीकडे लक्षच जात नाही.

यंदा आरतीच्या वेळी पेटलेल्या कापराची वडी नीट पाहा. ज्योतीखाली ती ओली, तकतकीत होते आणि तबकात थोडा द्रव पसरतो. तो वितळलेला कापूर. त्याचा द्रवणांक सुमारे १७५ ते १८० अंश सेल्सिअस आहे. डांबरगोळीतलं नॅप्थॅलीन ८० अंशांना वितळतं, आयोडीन ११४ अंशांच्या आसपास. नवसागराची गोष्ट आणखी वेगळी. तापवल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात आणि नरसाळ्याच्या थंड भागावर ते पुन्हा एकत्र येतात. या सगळ्यांना संप्लवन होणाऱ्या पदार्थांच्या एकाच यादीत बसवणं मला पटत नाही.

मग कपाटातली डांबरगोळी न वितळता झिजते कशी? स्थायूतले कण जागच्या जागी थरथरत असतात. पृष्ठभागावरच्या एखाद्या कणाला पुरेशी ऊर्जा मिळाली की तो सुटून हवेत जातो. त्यासाठी द्रवणांक गाठावा लागत नाही. कापराचे रेणू एकमेकांना सैल धरून असतात, म्हणून साध्या खोलीतही हे भराभर घडतं. हाच कापूर पुरेसा तापवला तर मात्र तो वितळतो. नेहमीच्या हवेच्या दाबाला कितीही तापवलं तरी द्रव होणारच नाही असा पदार्थ म्हणजे शुष्क बर्फ, अर्थात गोठलेला कार्बन डायऑक्साइड. उणे ७८ अंशांना तो थेट वायू होतो. त्याला द्रवरूपात पाहायचं तर हवेच्या पाचपटीहून अधिक दाब लागतो. वहीतलं ते वाक्य खऱ्या अर्थानं याला शोभतं.

कापराबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याचा रेणू जवळजवळ गोल आहे. नेहमीच्या तापमानाला घट्ट दिसणाऱ्या वडीतही प्रत्येक रेणू आपली जागा न सोडता स्वतःभोवती वळत असतो. जागा ठरलेली, दिशा मात्र मोकळी. कापूर नखानं दाबला तर मेणासारखा दबतो, तो यामुळेच. स्थायू, द्रव, वायू हे तीन कप्पे शिकवावेतच, पण त्यांच्या भिंतींवर बसलेले असे पदार्थही मुलांना दाखवावेत. पाचवी-सहावीतल्या मुलांना हे झेपतं, आणि आवडतंही.

आपल्याकडे कापूर उडू नये म्हणून डबीत मिरी टाकतात. माझ्या मते राखणीचं काम झाकणाचं आहे. बंद डबीत वाफ साठत जाते आणि काही वेळानं जितके रेणू वडी सोडतात तितकेच परत तिच्यावर बसतात. झाकण सैल असेल तर वाफ निसटत राहते आणि वडी संपते.

माझं मत तसंच स्वीकारू नका. दिवाळीच्या सुट्टीत सारख्या वजनाच्या चार वड्या आणि एकसारख्या चार डब्या घ्या. दोन डब्यांची झाकणं घट्ट लावा, दोन उघड्या ठेवा. प्रत्येक जोडीतल्या एकीत मिरी घाला. शाळेच्या तराजूवर दर आठवड्याला फक्त वडी तोला, मिरी बाजूला काढून, आणि आकडे तारखेसह लिहा. चारही डब्या एकाच फळीवर असाव्यात, नाहीतर उन्हातली वडी लवकर झिजेल आणि दोष मिरीला लागेल.