जामीन

सुट्टी सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे मला गिरणीत लागायच्या आधीच कळलं होतं. उन्हाळ्यात शाळेचं दार बंद होतं ते सगळ्यांसाठीच. पण त्या दारातून बाहेर पडलेली पोरं एका वाटेनं जात नाहीत. काही मामाच्या गावाला जातात. काही शिबिरांना जातात, पोहायला, तबल्याला, इंग्रजी बोलायला. आमच्या वस्तीतली पोरं कामाला जातात. मे महिना म्हणजे लग्नसराई. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं केटरिंगवाल्याकडे खरकटी ताटं उचलतं, मंडपवाल्याचे बांबू वाहतं, गॅरेजवर रॉकेलात नटबोल्ट धुतं. पोरी आईच्या बदली धुणीभांडी करतात, नाहीतर धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर घर राखतात. शाळा चालू असते तेव्हा निदान पाच तास पुस्तकाशी गाठ पडते. सुट्टी लागली की तीही तुटते. मग जूनमध्ये हीच पोरं वर्गात बसतात तेव्हा बाकीच्यांच्या मागं असतात. आणि गुरुजी म्हणतात, यांच्या डोक्यात काही राहातच नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत बार्बरा हेन्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईनं अटलांटा शहरातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिला दिसलं ते असं, की गरिबांची आणि काळ्यांची मुलं शाळेच्या दिवसांत जेवढी मागं पडत नाहीत तेवढी उन्हाळ्याच्या सुट्टीत पडतात. आणि या सुट्टीत मुलांच्या शिकण्याला ज्या सार्वजनिक संस्थेचा सगळ्यात जास्त हातभार लागतो ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. म्हणजे रोग माहीत आहे. औषध कुठल्या कपाटात आहे तेही माहीत आहे. कपाटाची किल्ली कुणाकडे, एवढाच सवाल उरतो.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. वय सव्वीस. शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे वाचलं ते मिळेल तसं वाचलं. भज्याच्या कागदापासून विहारातल्या बाबासाहेबांच्या खंडांपर्यंत. तिसऱ्या पाळीत डुलकी येऊ नये म्हणून कविता जुळवायची सवय लागली. कापसाची फुफाटी नाकातोंडात, आणि डोक्यात ओळी. तर असा मी. मला वाचनालयाबद्दल बोलायचा अधिकार काय, असं कुणी विचारलं तर सांगतो : ज्याला आत घेतलं नाही त्यालाच दाराची जाडी नीट माहीत असते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावातल्या एका वाचनालयावर एप्रिलमध्ये बोर्ड लागला. किशोरांसाठी उन्हाळी वाचन उपक्रम. वय तेरा ते अठरा. वेळ सकाळी अकरा ते एक. जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस. वाचनालयाचं नाव देत नाही. नाव दिलं तर तुम्हाला ती एकाच वाचनालयाची गोष्ट वाटेल.

बोर्ड बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? रातपाळी सुटली, दोन तास पडलो आणि वस्तीतली तीन पोरं घेऊन गेलो. दोन पोरगे आणि नववीची परीक्षा दिलेली एक पोरगी. तिघांनी केस पाणी लावून विंचरलेले. पोरीनं शाळेचा ड्रेस घातला होता, कारण तोच बरा होता.

टेबलावरचा माणूस वाईट नव्हता. शांतपणे बोलला.

"फॉर्म भरा. प्रवेश फी आणि अनामत. आणि इथं एका सभासदाची सही आणा. जामीन म्हणून."

"आमच्या वळखीचा कोण सभासद न्हाई, साहेब."

"मग यांच्या वडलांना पगाराची पावती घेऊन पाठवा."

एकाचा बाप बिगारी, एकाचा रिक्षावर, पोरीचा बाप नाहीच. पावती कुठली आणायची? मी म्हणालो, "मी ऱ्हातो जामीन. माझ्याकडं गिरणीची स्लिप हाय."

"तुम्ही सभासद आहात का?"

"न्हाई. मग मला आधी सभासद करा."

"त्यालाही जामीन लागतो."

मी हसलो. तोही हसला. मग त्यानं पत्ता विचारला. मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाला, "तुमच्याकडं विहारात पुस्तकं असतातच की. बाबासाहेबांची वगैरे."

शिवी नाही, आवाज चढवणं नाही, शिवाशिव नाही. हातात एक रकाना, त्यात एक रिकामी रेघ. आजकाल एवढ्यानं भागतं.

परत येताना पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दादा, जामीन म्हंजी चोरी केल्यावर लागतो त्योच ना?"

तिच्या मामाला एकदा पोलिसांनी उचललं होतं. जामीन हा शब्द तिच्या घरात तेव्हा आला होता. पुस्तक मागायला गेलं की तोच शब्द लागतो, हे तिला नवीन होतं. मी तिला काय सांगणार? पुस्तक हातात घ्यायच्या आधीच ते तू चोरणार आहेस असं धरून चालतात, आणि चोरणार नाहीस हे दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यावं लागतं?

दोस्तहो, आता थोडा हिशोब मांडू. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला १९६७ साली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर आहे, आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे बहुतेक वाचनालयं संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड असा वर्ग बघून सरकार त्यांना अनुदान देतं. कमिटी त्यांची, पैसा सरकारचा. आणि सरकारचा पैसा कुठून येतो? माझी आई आगपेटी घेते, अंगाचा साबण घेते, त्यावर कर भरते. तेव्हा तिला कुणी जामीन मागत नाही.

बाबासाहेबांची बडोद्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. धर्मशाळेतून काढलं, बागेत झाडाखाली रडले. पण त्यातली एक बारीक गोष्ट आपण वाचतो आणि पुढं जातो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अमेरिकेत तिथली वाचनालयं पाहिली. १९१० साली बॉर्डन नावाचा तिकडचा ग्रंथपाल बडोद्याला आणला. मोठं मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, मुलांसाठी वेगळा विभाग केला, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. देशात तेव्हा असं दुसरीकडे नव्हतं. त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर शिकून बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीला आले. पारशाच्या धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी ते ऑफिसला निघाले होते. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, की त्या वेळी ते ग्रंथालयाला परत द्यायची पुस्तकं उचलत होते. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि काठ्या घेतलेले पारशी वर आले.

हे डोळ्यासमोर आणा. हातात परत करायची पुस्तकं. ज्या गावात ग्रंथालय पुस्तक देतं त्याच गावात निजायला छप्पर मिळत नाही. आणि तरी तो माणूस पुस्तक वेळेवर परत करायच्या घाईत आहे. आमच्या वस्तीतली पुस्तकं परत येत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी ही सकाळ भिंतीवर लिहून ठेवावी.

बाबासाहेबांना किशोरवयात जामीन मिळाला होता. तो कुठल्या वाचनालयात नाही, चर्नी रोडच्या बागेत मिळाला. शाळा सुटल्यावर हे पोरगं तिथं वाचत बसायचं. तिथं येणाऱ्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी ते बघितलं, चौकशी केली, पुस्तकं द्यायला लागले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढं सयाजीरावांकडं शिष्यवृत्तीसाठी शब्द टाकला. केळुसकर गुरुजींनी पावती मागितली नाही. वाचणारं पोरगं दिसलं, तेवढं त्यांना पुरलं. पण दर पोराला केळुसकर भेटत नाही. म्हणूनच सार्वजनिक वाचनालय पाहिजे. बागेत योगायोगानं जे घडलं ते रोज, ठरलेल्या वेळी, कुणाच्याही पोराच्या बाबतीत घडावं यासाठी.

अमेरिकेचं नाव घेतलं तर तिथलं दुसरं तोंडही दाखवलं पाहिजे. उन्हाळ्यात मुलांना वाचायला बोलवायची चाल तिथल्या वाचनालयांत शंभर वर्षांहून जुनी. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्यांना त्या दारातून प्रवेश नव्हता. १९६० च्या जुलैत साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलमध्ये आठ काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या वाचनालयात जाऊन बसले. जेसी जॅक्सन त्यातलाच एक. आठांनाही अटक झाली. खटला उभा राहिला तेव्हा गावानं काय करावं? काळ्यांना आत घेण्यापेक्षा सप्टेंबरात वाचनालयंच बंद केली. शेवटी त्याच महिन्यात सगळ्यांसाठी उघडावी लागली. त्याच राज्यात १९५९ साली रॉन मॅकनेअर नावाचं नऊ वर्षांचं पोरगं पुस्तकं घेऊन टेबलापाशी गेलं आणि हलेना. पोलीस बोलावले. पोलीसच म्हणाले, देऊन टाका की पुस्तकं. त्याच्या आईनं शब्द दिला, तो नीट सांभाळेल. आई जामीन राहिली. हे पोरगं पुढं पदार्थविज्ञानाचं डॉक्टर झालं, अंतराळात जाऊन आलं, १९८६ च्या चॅलेंजर अपघातात गेलं. ती वाचनालयाची इमारत आज त्याच्या नावानं उभी आहे. १९७२ साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव तिकडून उचललं ते उगाच नाही. कुलपाची बनावट एकच होती.

तर त्या उन्हाळ्यात आम्ही काय केलं ते सांगतो. विहारातली लोखंडी पेटी रिकामी केली. रद्दीवाल्याकडून किलोवर पुस्तकं आणली, खात्यातल्या दोघातिघांनी दिली, एका रिटायर बाईंनी पिशवीभर दिली. साठ-पासष्ट झाली. वेळ ठेवली नाही. लग्नात ताटं उचलणारं पोरगं रात्री अकराला येतं, त्याला अकरा ते एकचा काय उपयोग? किल्ली विहाराशेजारच्या आक्कांच्या दाराला टांगली. वहीत नाव, पुस्तक, तारीख लिहायची. अनामत नाही, बक्षीस नाही, सारांश लिहून दाखवा नाही. पोरांनी भुताच्या गोष्टी मागितल्या. दिल्या. मोटारसायकलच्या इंजिनाचं पुस्तक मागितलं, तेही शोधलं. केटरिंगमधल्या एका पंधरा वर्षांच्या पोराला जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. तो भिंतीला टेकून ऐकायचा. वाचायची ती शाळेच्या ड्रेसातली पोरगी.

तिनं 'फकिरा' काढलं. १९५९ सालचं अण्णा भाऊंचं पुस्तक, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेलं. शाळेत न टिकलेल्या आणि मुंबईत गिरणीत राबलेल्या माणसानं लिहिलेलं. रोज थोडं मोठ्यानं वाचायची. तिची आई बाहेर पायरीवर तांदूळ निवडत बसायची. तिनं पोरीसाठी एक चोवीस तासांचं घर बघून ठेवलं होतं. दहावीचा खर्च झेपणार नव्हता. मला म्हणाली होती, "वाचून काय करनार हाय ती? भांडी तर घासायचीच." एका रात्री वाचन थांबलं तशी तीच आतल्या बाजूला तोंड करून म्हणाली, "मग म्होरं काय झालं त्येचं?"

यावरून चमत्कार झाला असं कुणी समजू नये. पोरगी जूनमध्ये दहावीला बसली ती सकाळी दोन घरची भांडी करायच्या बोलीवर. मार्चमध्ये गणित राहिलं. जुलैच्या परीक्षेत सुटलं. आता अकरावीला आहे, भांडी अजून घासते. साठ-पासष्ट पुस्तकांतली तीन परत आली नाहीत. एक पावसात भिजून लगदा झालं, एक कुणाच्या तरी मामाच्या गावी राहिलं, एकाचा पत्ता नाही. तीन गेली. आम्ही त्यासाठी कुणाला जामीन धरलं नाही.

मग काही जण म्हणतील, झालं की तुमचं. तुमचं विहार आहे, पेटी आहे, आता त्या वाचनालयात कशाला जाता? महाडचं तळं १९२३ च्या मुंबई कौन्सिलच्या ठरावानं कागदावर सगळ्यांना खुलं झालं होतं. पाण्यापर्यंत पोचायला २० मार्च १९२७ उजाडावं लागलं. आमची पेटी आम्ही चालवूच. पण पेटीत साठ पुस्तकं आहेत आणि तिकडं काचेआड हजारो. ती आमच्या आयांच्या साबणाच्या पैशातून आली आहेत. ती मागणं म्हणजे भीक नाही.

आमचं मागणं लांबलचक नाही. पोरगं शाळेत आहे एवढा दाखला पुरावा. संध्याकाळी आणि रात्री दोन तास दार उघडं असावं. पोरींना बसायला जागा आणि संडास असावा. जामिनाचा रकाना फॉर्मवरून काढावा. आणि पुस्तक हरवलं तर हरवलं म्हणावं, चोरलं म्हणू नये.

येत्या एप्रिलात आम्ही परत जाणार आहोत. या वेळी तीन नाही, अकरा पोरं आहेत. रकाना तोवर निघाला नाही तर त्याला जोडायला एक कागद तयार करतोय. त्यावर वस्तीतल्या प्रत्येक घरची सही आहे. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत. फकिराचं पुढं काय झालं विचारणाऱ्या त्या आईचा अंगठा सगळ्यात वर आहे. आम्ही सगळे जामीन आहोत, असं खाली लिहिलंय. अजून चार घरं राहिली आहेत, पाळी सुटली की जातो.

जय भीम.