अब्बांचा फोटो

अब्बांचा एकच फोटो आमच्या घरात होता. निकाहनंतर स्टुडिओत काढलेला, काळा-पांढरा. तो भिंतीवर कधी लागला नाही. अम्मीच्या कपाटात, कपड्यांच्या घड्यांखाली, काचेच्या चौकटीत असायचा. 22 जुलै 2021 रोजी चिपळूणला पूर आला, तेव्हा कपाटही बुडालं. पाणी ओसरल्यावर पाहिलं, तर फोटो काचेला चिकटलेला. ओढला असता तर चेहरा काचेवरच राहिला असता. म्हणून आम्ही दोघी बहिणींनी तो काचेसकट स्कॅन करून घेतला.

आम्ही दोघीही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. प्रश्नपत्रिकांसाठी घेतलेला साधा इंकजेट प्रिंटर घरात होता. त्यावर फोटो छापला, तर अब्बांचा चेहरा हिरवट-पिवळा! अम्मीने कागद हातात घेतला आणि पालथा ठेवला. "शेवटच्या महिन्यात असेच दिसायचे," एवढंच म्हणाली. अब्बा काविळीने गेले. तेव्हा आमच्यातली एक पहिलीत होती, दुसरी शाळेतही जात नव्हती. आम्हाला आठवतो तो फोटोतलाच चेहरा. अम्मीला दोन्ही आठवतात.

'शाई' हा शब्द 'सियाह'वरून आला, सियाह म्हणजे काळा, असं आम्ही वर्गात सांगतो. प्रिंटरचा हिशेब मात्र निराळा. राखाडी छटा तो बहुतेक वेळा निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून तयार करतो. तिघींपैकी एक जरा कमी पडली की राखाडीचा तोल जातो. रंगीत फोटोत ते खपून जातं. काळ्या-पांढऱ्यात लगेच दिसतं.

मग आम्ही एकेक कारण शोधत गेलो. स्कॅन रंगीत होता, त्यात पुराच्या पाण्याचा पिवळा डागही आला होता. तो ग्रेस्केल केला. आता जो रंग दिसेल तो छपाईचाच, हे नक्की झालं. प्रिंटरची चाचणी छापली, तर किरमिजी रेघा तुटक. मे महिन्याच्या सुट्टीत प्रिंटर बंद राहिल्याने शाई सुकली होती. किरमिजी कमी पडली की राखाडी हिरवट होते. हेड दोनदा साफ केल्यावर रेघा जुळल्या. शिवाय कागद चकाकता फोटोचा आणि सेटिंग मात्र साध्या कागदाचं, ही चूक आमचीच. तीही सुधारली. फक्त काळ्या शाईने साध्या कागदावर छापून पाहिलं. रंग गेला, पण गालावर बारीक ठिपके उठले. अब्बांना देवीचे व्रण नव्हते.

शेवटी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडी चौकटींची एक पट्टी केली. पूर्ण फोटो वाया घालवण्यापेक्षा आधी ती छापायची, रात्रभर वाळू द्यायची आणि सकाळी पाहायची. रात्री ट्यूबलाइटखाली ठीक वाटलेली पट्टी सकाळी खिडकीत गुलाबी दिसली. उजेड बदलला की शाईच्या मिश्रणाचा रंगही बदललेला दिसतो. मग कोणता उजेड खरा धरायचा? अम्मी दुपारी खिडकीशी बसते. आम्ही तोच धरला. किरमिजी एक घर कमी, पुन्हा पट्टी, पुन्हा रात्र. पाचव्या पट्टीत राखाडी राखाडीच राहिली.

फोटो छापून आम्ही तो अम्मीच्या मांडीवर ठेवला. काही बोललो नाही. तिने चष्मा पुसला, कागद उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहत राहिली. मग अब्बांच्या सदऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा आसमानी होता. मीच निवडला होता."

आम्हाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने फोटो कपाटात, घड्यांखाली ठेवला. या वेळी वरच्या खणात.