किकापूच्या सोंडेवर

मॅडिसनहून चौदा नंबरचा हायवे धरला की बराच वेळ शेतं, गोठे आणि चाऱ्याचे सायलो यांचीच सोबत असते. रीड्सटाउनला १३१ वर वळलो आणि जमीन उभी राहू लागली. हिमयुगातल्या बर्फाने विस्कॉन्सिनचा बराच भाग रंधा मारल्यासारखा सपाट केला. नैर्ऋत्येचा हा तुकडा तेवढा सुटला. म्हणून इथे धारा आहेत, सोंडा आहेत, खिंडी आहेत. सह्याद्रीत पाय झिजवलेल्या माणसाला लगेच आपलासा वाटेल असा मुलूख.

ला फार्जजवळ किकापू नदीवर धरण व्हायचं होतं. १९७५ मध्ये काम थांबलं. काँक्रीटचा अर्धवट मनोरा अजून उभा आहे, आणि शेतकऱ्यांकडून घेतलेली जमीन, सुमारे ८,६०० एकर, आता राखीव रान आहे. राखीव असलं तरी इथे शिकारीला परवानगी आहे. भारतातल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

माझा सहकारी तिरकमठ्याने शिकार करतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा माज नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात भरात येतो; त्याआधी ऑक्टोबरअखेर तो जागा हेरायला निघाला होता.

मक्याच्या कडेलाच नराने खुरांनी पाचोळा उकरून परातीएवढी जमीन उघडी केली होती. मुताचा उग्र दर्प. वर लोंबणाऱ्या फांदीचं टोक चावून चिंध्या झालेलं. मला वाटलं, झालं, सापडली जागा! तो थांबलासुद्धा नाही. "इथे तो रात्री येतो. रात्री मला बाण मारता येत नाही."

चढावर मनगटाएवढ्या झाडांची साल गुडघ्यापासून मांडीपर्यंत सोललेली. शिंगं घासल्याच्या खुणा. एका खोडाचा रस अजून चिकट होता, बुंध्याशी सालीचे ताजे धागे. त्याने बोट दाखवलं : सगळे घाव उताराकडच्या बाजूला. म्हणजे नर खालून वर येताना घासत गेला. रात्रभर शेतात चरून पहाटे बसायला परतण्याची ही वाट. बसतो तो धारेच्या थोडा खाली, वाऱ्याच्या आडोशाला. पाठीमागचा वास वारा आणून देतो, समोरची दरी डोळे सांभाळतात. या बेरकीपणाला माझी मनापासून दाद.

घावांची रांग एका अरुंद खिंडीशी पोचली. एका अंगाला घळीचा तुटलेला कडा, दुसऱ्या अंगाला कोसळलेल्या झाडांचा पसारा. मधून जेमतेम एक वाट. खुणा इथे जवळजवळ नव्हत्याच. तो मात्र खूश : नराला जायचं तर इथूनच जावं लागणार. वारा बघायला खिशातून पावडरची बाटली काढून चिमूटभर उडवली. ऊन तापलं होतं, पावडर उतारावरून वर सरकली. पहाटे थंड हवा उलटी खाली घरंगळते, हे त्याने पुन्हा बजावलं.

मग कड्याच्या बाजूचा एक पांढरा ओक निवडून तो म्हणाला, "वायव्येचा वारा माझा वास कड्याकडे नेईल. तो असेल त्याच पहाटे इथे बसायचं. दक्षिणेचा असला तर घरी झोपायचं."

परतताना व्हायोला गावात कॉफी प्यायलो. तो तिथेही हवामानाचा अंदाज बघत होता.