हातांतला कागद

उपप्राचार्य असतांना माझ्या वेळापत्रकाची आमच्या गांवांत ख्याति होती, हें मी सांगितलें तर वाचकांनीं त्यांत आत्मस्तुति पाहूं नये. चाळीस अध्यापक, तीन शाखा, अकरा खोल्या, आणि त्यांतल्या दोन पावसाळ्यांत गळणाऱ्या. एवढ्या सामग्रीवर एकहि तास रिकामा न जाऊं देतां आणि एकाहि प्राध्यापकाचा रुसवा ओढवून न घेतां वर्षाची मांडणी करणें ही एक कलाच आहे, व ती मला साधली होती. मोठ्या कागदावर शिसपेन्सिलीनें चौकटी आंखून मी बसलों, कीं मला जेवायला हांक मारण्याची घरांत कोणाची छाती होत नसे. सात वर्षें हें चाललें. मग प्राचार्यांची जागा मोकळी झाली. आणि जो इतकें सुरेख वेळापत्रक करतो तो कॉलेजहि तितकेंच सुरेख चालवील, असा निष्कर्ष सर्वांनीं काढला. सर्वांच्या आधीं तो मीं काढला होता. दोन वर्षांनीं मीं तें पद आपण होऊन सोडलें.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत मी अमेरिकेंत, डेन्व्हर शहरीं, भाच्याकडे महिनाभर राहून आलों. बाहेर बर्फ, आंत दूरचित्रवाणी, आणि दूरचित्रवाणीवर त्या लोकांचा तो फुटबॉल! त्याला हें नांव कां पडलें कोण जाणे. चेंडूला पाय लागण्याचे प्रसंग त्यांत मोजकेच. पहिल्या रविवारीं मला त्यांत धक्काबुक्कीपलीकडे कांहीं दिसलें नाहीं. परंतु भाचा या खेळाचा परमभक्त. त्यानें मला शेजारीं बसवून घेतलें आणि, लहानपणीं मीं त्याला ज्या चिकाटीनें व्याकरण शिकवलें होतें त्याच चिकाटीनें, त्याचा सूड उगवला.

हा खेळ अखंड चालत नाहीं. एक डाव होतो, माणसें पडतात, उठतात, आणि पुढच्या डावासाठीं चाळीस सेकंदांचें घड्याळ सुरू होतें. तेवढ्या अवधींत कोणीतरी आंखून ठेवलेल्या अनेक चालींतून एक निवडतो आणि क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा जो म्होरक्या, त्याच्या शिरस्त्राणांतल्या यंत्रांतून ती त्याच्या कानांत सांगतो. पंधरा सेकंद उरले कीं तें यंत्र मुकें होतें. ही निवड बहुधा ज्याच्याकडे असते त्याला कोऑर्डिनेटर म्हणतात; आक्रमणाचा एक, बचावाचा दुसरा. कित्येकदां हा गृहस्थ मैदानावर नसतोच. वर कांचेच्या खोलींत बसून, पुढ्यांत बारीक अक्षरांचा रंगीबेरंगी कागद ठेवून, खालचे बावीस देह तो बुद्धिबळाच्या मोहऱ्यांसारखे न्याहाळीत असतो. तो कागद पडद्यावर दिसला मात्र, आणि मला माझ्या चौकटी आठवल्या.

या सर्वांच्या वर मुख्य प्रशिक्षक. त्याच्या गळ्यांत त्रेपन्न खेळाडू, त्यांचीं दुखणीं व रुसवेफुगवे, अनेक साहाय्यक, संघाचा मालक, वार्ताहर, आणि एका सामन्यानंतर देव्हाऱ्यांत बसवणारे व दुसऱ्यानंतर विसर्जन करणारे प्रेक्षक. साऱ्या देशांत व्यावसायिक संघांच्या अशा जागा अवघ्या बत्तीस. एखादी रिकामी झाली, कीं ज्याच्या आक्रमणानें किंवा बचावानें त्या वर्षीं लोकांचे डोळे दिपले असतील अशा कोऑर्डिनेटरकडे बहुधा बोलावणें जातें. आणि कागदावरचा हा किमयागार पुष्कळदां त्या गादीवर फसतो.

"मामा, दूर कशाला जायचं? या एका गावातच तीन दाखले आहेत," भाचा म्हणाला.

पहिला दाखला जॉश मॅकडॅनियल्सचा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या संघाचें आक्रमण त्याच्या हातीं असतांना २००७ सालीं त्या संघानें साखळींतले सोळाच्या सोळा सामने जिंकले आणि ५८९ गुण करून तोंवरचा विक्रम मोडला. २००९ च्या जानेवारींत डेन्व्हरनें त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलें, तेव्हां त्याचें वय अवघें बत्तीस. जुन्या संघांत आपल्या हाताखालीं खेळलेला क्वार्टरबॅक येथें आणण्याचीं बोलणीं निघालीं, आणि जे कटलर या येथल्या तरुण क्वार्टरबॅकच्या तें कानांवर गेलें. त्याचें मन विटलें तें विटलें. एप्रिलांत त्याला शिकागोच्या संघाकडे देऊन टाकावें लागलें. मोसमाचे पहिले सहा सामने डेन्व्हरनें ओळीनें जिंकले खरे. परंतु अठ्ठावीस सामन्यांअखेर अकरा जय आणि सतरा पराजय असा हिशेब झाला, व डिसेंबर २०१० मध्यें मॅकडॅनियल्सला निरोप मिळाला. गणित म्हणून पाहिलें तर त्याची कल्पना वेडगळ नव्हती. एका चौकटींतलें नांव खोडून दुसरें लिहावयाचें, इतकेंच. पण चौकटीला कान नसतात, माणसाला असतात.

आमच्या कॉलेजांत संख्याशास्त्र शिकवणारे माझे एक मित्र आहेत. त्यांना मीं हें पुढें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, कीं यांत गूढ कांहीं नाहीं. जागा रिकामी होते ती बहुधा दुबळ्या संघाची, आणि माणूस उचलला जातो तो त्याच्या ऐन भरतीच्या वर्षीं. पुढच्या वर्षीं पाणी आपल्या पातळीवर यावयाचेंच. हें खरें आहे. शिवाय उलट दाखलेहि आहेत. बिल बेलिचिक न्यूयॉर्क जायंट्सच्या बचावाचा नामांकित कोऑर्डिनेटर होता. क्लीव्हलंडला मुख्य झाला आणि १९९१ ते १९९५ या पांच मोसमांत ३६ जिंकून ४४ हरला. त्याला तेथून काढलें. आणि पुढें न्यू इंग्लंडला त्याच माणसानें सहा अजिंक्यपदें मिळवलीं. तेव्हां माणसाला हें शिकतां येत नाहीं असें मी म्हणत नाहीं. मी म्हणतों तें एवढेंच, कीं वरची जागा म्हणजे खालच्या जागेचा मोठा आकार नव्हे. तो निराळाच धंदा आहे. आणि त्यांत शिरतांना ज्या कामासाठीं आपल्याला निवडलें तेंच हातावेगळें करून दुसऱ्याला द्यावें लागतें. द्यावयाचें म्हणजे, तो तें आपल्याइतकें चांगलें करणार नाहीं हें ठाऊक असून द्यावयाचें.

दुसरा दाखला ऐकतांना मी भाच्याकडे पाहण्याचें टाळीत होतों. २०२२ सालीं नॅथॅनिएल हॅकेट येथें आला. ग्रीन बे संघाच्या आक्रमणाचा तो कोऑर्डिनेटर. पण तेथें चाली सांगण्याचें काम मुख्य प्रशिक्षकच करी. डेन्व्हरला दोन्ही ओझीं एकदम त्याच्या डोक्यावर आलीं. सिअॅटलच्या पहिल्याच सामन्यांत संघ एका गुणानें मागें असतां, घड्याळ थांबवण्याची मुभा शिल्लक असूनहि, त्यानें मोलाचे सेकंद वाहूं दिले आणि अखेर ६४ यार्डांवरून चेंडू लाथाडण्याचा जुगार खेळला. नेम चुकला, सामना १७-१६ असा हातचा गेला. पुढच्या रविवारीं घरच्या मैदानावर चाल ठरायला वारंवार इतका उशीर होऊं लागला, कीं प्रेक्षक घड्याळाबरोबर मोठ्यानें उलटे आंकडे मोजूं लागले! पांच, चार, तीन, दोन... त्याच महिन्यांत असल्या निर्णयांसाठीं एक वडीलधारा सल्लागार नेमावा लागला, नोव्हेंबरांत चाली सांगण्याचें काम त्यानें दुसऱ्याच्या हातीं दिलें, आणि पंधरांपैकीं अकरा सामने हरून मोसम संपण्यापूर्वींच तो गेला.

भाचा हंसत होता. मला मात्र जून महिना दिसत होता.

प्राचार्य झाल्यावरहि वेळापत्रक मींच करीत असें. उपप्राचार्यांकडे तें नांवाला सोंपवलें होतें. परंतु त्यांचा आराखडा मला राहवेना, आणि रात्रीं घरीं नेऊन मी तो खोडून पुन्हां आंखीत असें. त्या जूनमध्यें तासिका तत्त्वावर आठ वर्षें शिकवणाऱ्या एक बाई माझ्या दाराशीं तीनदां येऊन गेल्या. त्यांच्या मान्यतेचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयाकडे ठराविक तारखेच्या आंत जावयाचा होता, आणि त्यावर माझी सही व सोबत एक पत्र हवें होतें. अर्ध्या तासाचें काम. तिन्ही वेळां मीं कागदावरून डोळे न उचलतां सांगितलें, "मॅडम, उद्या पाहू, एवढा गुरुवार बसवतो." गुरुवार बसला. फार सुंदर बसला. तारीख उलटून गेली होती. बाईंनीं तक्रार केली नाहीं. दिवाळीनंतर त्या दुसऱ्या गांवीं गेल्या. उपप्राचार्यांनींहि त्याच सुमारास माझ्याशीं कामापुरतें बोलण्याचा नियम केला. माझ्या दाराबाहेर कोणी मोठ्यानें आंकडे मोजले नाहींत, इतकेंच.

तिसरा दाखला वेड फिलिप्सचा, आणि तो सांगतांना भाच्याचा आवाज बदलला. १९९३ व १९९४ अशीं दोन वर्षें फिलिप्स डेन्व्हरचा मुख्य प्रशिक्षक होता. सोळा सामने जिंकले, सोळा हरले, आणि त्याला काढलें. पुढें बफेलो व डॅलस या संघांचाहि तो मुख्य झाला, आणि तेथूनहि निघाला. २०१४ चा सबंध मोसम त्याला काम नव्हतें. २०१५ मध्यें त्याच डेन्व्हरला, ज्या शहरानें त्याला एकदां वरून खालीं उतरवलें होतें तेथेंच, तो बचावाचा कोऑर्डिनेटर म्हणून परत आला. २०१६ च्या फेब्रुवारींत अंतिम सामन्यांत त्याच्या बचावानें कॅरोलायना संघाला दहा गुणांवर रोखलें, आणि डेन्व्हर २४-१० असें जिंकलें. तेव्हां त्याचें वय अडुसष्ट होतें. मॅकडॅनियल्सहि लास व्हेगासची दुसरी गादी गमावून २०२५ मध्यें न्यू इंग्लंडला तिसऱ्यांदां आपल्या जुन्या जागीं जाऊन बसला.

त्या देशाच्या पुष्कळ गोष्टी मला रुचत नाहींत, ही रुचली. माणूस वर गेला, जमलें नाहीं, परत आपल्या कामावर आला, आणि लोकांनीं त्याच्या कामाकडे पाहिलें. मी विभागांत परत आलों तेव्हां मला भेटायला येणारांच्या चेहऱ्यावर सुतकाची कळा होती. एका सद्गृहस्थांनीं तर "प्रकृति कशी आहे?" असें हलक्या आवाजांत विचारलें. प्रकृति उत्तम होती. आमच्याकडे पायऱ्या फक्त चढावयाच्या असतात; खालीं आलेला माणूस पडलाच असला पाहिजे.

हल्लीं वेळापत्रकाचें काम नव्या प्राचार्यांनीं माझ्याकडे दिलें आहे. गेल्या वर्षीं परीक्षेच्या केंद्रावर त्या बाई भेटल्या. आतां त्या कायम झाल्या आहेत, केस थोडे पिकले आहेत. चहा घेतां घेतां त्यांनीं विचारलें, "सर, वेळापत्रक कोण करतं सध्या?"

"मीच," मीं म्हटलें.

"गुरुवार बसतो का?" त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढें बिस्किटांची बशी सरकवली.