आंतरवांशिक प्रणयकादंबरी आणि सुखान्ताचा संकेत

प्रणयकादंबरीचा वाचक पुस्तक उघडतो तेव्हा तिचा शेवट त्याला ठाऊक असतो. नायक-नायिका अखेरीस एकत्र येणार, हा या वाङ्मयप्रकाराने वाचकाशी केलेला करारच असतो. ‘मिल्स अँड बून’ किंवा ‘हार्लेक्विन’च्या पुस्तकांकडे पाहून नाक मुरडणारी समीक्षा नेमके याच कराराकडे बोट दाखवते. जेथे शेवट आधीच ठरलेला आहे तेथे अनुभवाचा शोध कसला, असा तिचा आक्षेप असतो. आक्षेप रास्त आहे. पण तो सरसकट लागू पडत नाही. प्रेमिकांच्या मध्ये वंशभेदाची भिंत उभी असेल तर हाच ठरीव शेवट वेगळ्या अर्थाने बोलू लागतो.

गंभीर मानल्या गेलेल्या परंपरेचाही याबाबतीत एक ठरीव शेवट होता आणि तो मृत्यूचा होता. विल्यम वेल्स ब्राऊन यांच्या ‘क्लोटेल’ (१८५३) या कादंबरीची नायिका पोटोमॅक नदीत उडी घेते. पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’ (१९०४) या संगीतिकेतील जपानी नायिका स्वतःच्या हाताने जीवन संपवते. ब्राऊन हे स्वतः गुलामगिरीतून निसटलेले लेखक होते. त्यांच्या नायिकेचा मृत्यू हे गुलामगिरीवरील आरोपपत्र आहे. परंतु परंपरेत रूढ होताना या मृत्यूचे आरोपपत्र उरत नाही, नुसती करुणा उरते. प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो आणि ज्या व्यवस्थेने ते प्रेम अशक्य केले ती जागची हलत नाही. मेलेल्या नायिकेला शेजारी म्हणून स्वीकारण्याची वेळ कोणावर येत नाही.

सुखान्त मात्र नायिकेला जिवंत ठेवतो, तिचे लग्न लावतो, तिला घर देतो. हे घर केवढी मोठी मागणी आहे हे अमेरिकेतील एका खटल्यावरून कळते. रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या जोडप्यातील पती गोरा होता, पत्नी गोरी नव्हती. १९५८ च्या जूनमध्ये त्यांनी वॉशिंग्टनला जाऊन विवाह केला आणि ती व्हर्जिनियात परतली. पुढच्याच महिन्यात मध्यरात्री पोलीस त्यांच्या शयनगृहात शिरले. त्यांना झालेली एक वर्षाची शिक्षा पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहण्याच्या अटीवर स्थगित झाली. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले, तेव्हा ते सोळा राज्यांत अस्तित्वात होते. प्रणयकादंबरीचे अखेरचे पान जेथे मिटते तेथेच या जोडप्याच्या दारावर थाप पडली. विवाहात संपणाऱ्या वाङ्मयप्रकाराचा आंतरवांशिक शेवट या राज्यांच्या दृष्टीने गुन्हाच ठरला असता.

पामेला रेजिस यांनी २००३ मध्ये या प्रकाराचा रूपबंध उलगडताना ‘अडथळा’ हा त्याचा अनिवार्य घटक मानला आहे. प्रेमिकांच्या मीलनाआड काहीतरी येते आणि ते दूर झाल्याखेरीज कथा पूर्ण होत नाही. अडथळा गैरसमजाचा, गर्वाचा किंवा दारिद्र्याचा असेल तर तो प्रेमिकांच्या कृतीने किंवा दैवाने दूर होऊ शकतो. वंशभेद हा अडथळा मात्र कोणा दोघांच्या मालकीचा नसतो. तो कायद्यात, शेजाऱ्यांच्या नजरेत आणि आईच्या मौनात असतो. मग रूपबंधाची मागणी कशी पुरी करायची? या प्रकाराचा इतिहास म्हणजे बव्हंशी या प्रश्नाला दिलेल्या बगलांचा इतिहास आहे.

पहिली बगल ई. एम. हल यांच्या ‘द शेख’मध्ये (१९१९) दिसते. १९२१ च्या मूकपटामुळे ही कादंबरी जगभर पोहोचली. डायना मेयो या इंग्रज तरुणीला अहमद बेन हसन वाळवंटात पळवून नेतो आणि तिच्यावर बळजबरी करतो. पुढे ती त्याच्याच प्रेमात पडते. स्त्रीवादी समीक्षेने या बळजबरीची चिकित्सा यथार्थपणे केली आहे. येथे प्रश्न वेगळा आहे. अहमद जखमी होऊन पडलेला असताना डायनाला त्याचा हात अरबाच्या मानाने फार मोठा वाटतो, आणि तेव्हा तिला कळते की तो अरब नसून इंग्रज उमराव आणि स्पॅनिश स्त्री यांचा पुत्र आहे. डायनाचे प्रेम या उलगड्याच्या आधीचे आहे. तो अरब आहे असे समजूनच तिने प्रेम केले. म्हणजे उलगड्याची गरज तिला नव्हती, वाचकाला होती. सीमा ओलांडण्याचा थरार वाचकाने मनसोक्त घ्यावा आणि शेवटी सीमा ओलांडली गेलीच नव्हती असे आश्वासन घेऊन पुस्तक मिटावे, अशी ही सोय आहे.

दुसरी बगल हिंदुस्थानाशी निगडित आहे. मॉड डायव्हर यांच्या ‘लीलामणी’त (१९११) खानदानी इंग्रज घराण्यातला चित्रकार हिंदी मुलीशी विवाह करतो. येथे जन्मरहस्य नाही; नायिका हिंदीच राहते. मात्र ती कुलीन रजपूत आहे. वंशाच्या तराजूत जे कमी पडते ते कुळाच्या पारड्यात भरून काढले जाते. मराठी वाचकाला हा व्यवहार ओळखीचा वाटावा. एका उतरंडीचे उल्लंघन दुसऱ्या उतरंडीच्या जामिनावर मान्य झाले आहे.

तिसरी बगल अधिक देखणी आहे. एम. एम. के यांच्या ‘द फार पॅव्हिलियन्स’मध्ये (१९७८) इंग्रज ॲश हा हिंदू मुलगा म्हणून वाढलेला आहे, तर राजकन्या अंजुलीत रशियन रक्ताचा अंश आहे. दोघेही आपापल्या समाजात अर्धेमुर्धे. अखेरीस ती हिमालयातील एका दूरच्या दरीच्या शोधात निघून जातात. अडथळा जसाच्या तसा मागे राहतो; प्रेमिकच त्याच्या हद्दीबाहेर जातात. सुखान्ताला जागा मिळते, पण ती नकाशाबाहेरची.

या तिन्ही बगला नाकारणारे लेखन प्रामुख्याने कृष्णवर्णीय लेखिकांकडून आले. त्याआधी कृष्णवर्णीय स्त्रीला या प्रकारात नायिका होण्याचाच हक्क मिळवावा लागला. १९८० मध्ये संपादक व्हिव्हियन स्टीव्हन्स यांनी ‘एन्ट्वाइन्ड डेस्टिनीज’ प्रकाशात आणली. १९८४ मध्ये सँड्रा किट यांची ‘ॲडम अँड ईव्हा’ हार्लेक्विनने काढली. त्याच वर्षी जॅनिस रॅडवे यांचा प्रणयकादंबरीच्या वाचक स्त्रियांवरील गाजलेला अभ्यासग्रंथ आला. त्याच्या केंद्रस्थानी पितृसत्ता होती, वंश नव्हता. पुढे किट यांच्या ‘द कलर ऑफ लव्ह’मध्ये (१९९५) कृष्णवर्णीय चित्रकार स्त्री आणि गोरा पोलीस एकमेकांच्या प्रेमात पडतात. दोघेही न्यूयॉर्कमध्येच राहतात. कोणाच्या जन्माचे रहस्य उलगडत नाही, कोणी दरीत निघून जात नाही. पोलिसाचा गणवेश कृष्णवर्णीय समाजाला काय वाटतो, हेही विसरून चालत नाही. अडथळा उरतो, आणि तो उरूनही ती एकत्र येतात. येथे सुखान्ताची व्याख्याच बदलते. अडथळा दूर झाला असे हा शेवट म्हणत नाही. त्याच्यासह जगण्याचा हक्क तो मागतो.

मराठी समीक्षेने हा विषय परका मानू नये. मराठीत ‘वर्ण’ या एकाच शब्दात कातडीचा रंग आणि समाजाची उतरंड दोन्ही सामावलेली आहेत. जात म्हणजे वंश नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनीच ठामपणे मांडले होते. म्हणून दोन्हींची सरमिसळ करणे योग्य नाही. परंतु १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मधील त्यांचे विवेचन येथे उपयोगी पडते. मिश्रविवाह हा जातिभेदावरील खरा उपाय आहे असे सांगून ते तेथेच थांबत नाहीत. लोक असे विवाह का करीत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर ते शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धेत शोधतात. दोघांच्या धैर्याने दोघांचा विवाह होतो. तो सर्वांना सहज व्हावा यासाठी श्रद्धाच बदलावी लागते.

प्रणयकादंबरी श्रद्धा बदलू शकत नाही, आणि तसा दावा कोणी करूही नये. तिची ताकद निराळी आहे. शेवट सुखाचाच होणार हे ठाऊक असलेला वाचक त्या सुखाची इच्छा करीत पाने उलटतो. ती इच्छा कोणत्या जोडप्यासाठी, कोणत्या अटींवर जागी होते, हे तपासणे समीक्षेचे काम आहे. ‘द शेख’च्या वाचकाला ती इच्छा करण्यासाठी एका अरबाचा इंग्रज व्हावा लागला. ‘द कलर ऑफ लव्ह’च्या वाचकाला कोणीच बदलावे लागले नाही. या दोन पुस्तकांमध्ये शहात्तर वर्षांचे अंतर आहे. दोन्हींचा शेवट ठरीव आणि सुखाचाच आहे. म्हणून केवळ शेवटाकडे पाहून त्यांना एकाच फडताळात टाकणारी समीक्षा ते अंतर कधीच मोजू शकणार नाही.