वही आणि गल्ला

पहिल्या वर्षाच्या मुलांना रक्तदाब मोजायला शिकवताना मी दहा-दहा जणांचे गट करतो. प्रात्यक्षिक संपलं की प्रत्येकाने स्वतःला पाचपैकी गुण द्यायचे. 2019 साली आपल्या देशात एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, तेव्हापासून असं आत्मपरीक्षण लॉगबुकातही आलं. कल्पना मात्र जुनी आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने 1969 मध्ये लहान गटांतून वैद्यक शिकवायला सुरुवात केली. तिथे मुलं स्वतःचं आणि एकमेकांचंही मूल्यमापन करत.

गेल्या वर्षी एका मुलाने स्वतःला पाच दिले. हुशार, इंग्रजी फर्डं. त्याच गटात उर्दू माध्यमातून आलेली एक मुलगी होती. तिने दोन दिले. मी तिला बाजूला घेऊन म्हणालो, "बेटा, इतके कमी कशाला? जरा आत्मविश्वास ठेव."

ती हळूच म्हणाली, "सर, मला येतं की नाही हे मला कसं कळणार? मी करताना कुणी बघितलंच नाही."

खरंच होतं. तासभर मी बोलणाऱ्यांशीच बोलत होतो.

पुढच्या तासाला मी एक यादी केली. आधी नाडी चाचपून वरच्या दाबाचा अंदाज घेतला का? मगच स्टेथोस्कोप लावला का? पारा सेकंदाला दोन-तीन मिलिमीटर एवढ्या संथपणे उतरवला का? नाडी चाचपणं हा उपचार म्हणून करायचा भाग नाही. काही रुग्णांत आवाज मध्येच थांबतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. नुसत्या कानावर विसंबलं तर वाढलेला दाब कमी नोंदला जातो आणि रुग्ण औषधाविना घरी जातो.

आधी स्वतःचे गुण लिहायचे, मग जोडीदाराने यादीवर केलेल्या खुणा बघायच्या, असं ठरलं. पाचवाल्याने नाडी चाचपलीच नव्हती. त्याचा चेहरा पडला, पण त्याने पट्टा पुन्हा बांधायला घेतला. मुलीच्या यादीत सगळ्या खुणा होत्या. तिने दोनाचे चार केले. पाच का नाहीत, विचारलं तर म्हणाली, "पट्टा थोडा सैल बांधला होता, सर." ते यादीत नव्हतं.

डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 2006 साली 'जामा' या नियतकालिकात डॉक्टरांच्या आत्ममूल्यमापनावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. ज्यांचं कौशल्य सर्वांत कमी किंवा आत्मविश्वास सर्वांत जास्त, त्यांचाच अंदाज अनेक अभ्यासांत सर्वाधिक चुकलेला दिसला. म्हणजे मी त्या मुलीला दिलेला सल्लाच उलटा होता. तिला आत्मविश्वास नको होता, पुरावा हवा होता.

माझ्या अब्बांचं किराणा दुकान होतं. इशाच्या नमाजनंतर ते वही आणि गल्ला समोरासमोर ठेवून बसत. वहीत काहीही लिहिलेलं असो, गल्ल्यातल्या पैशांशी ते जुळलं पाहिजे. आपला 'हिशेब' आणि 'मुहासबा' हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. पण आपल्या घरांत मुहासबा म्हणजे फक्त आपल्या चुका मोजणं, असंच शिकवलं जातं, आणि मुलींना तर जास्तच. स्वतःचं चांगलं लिहिलं की तो गर्व ठरतो. अब्बांच्या वहीत मात्र जमेची बाजूही असायची. जमा न लिहिणारी वही नम्र नसते, ती चुकीची असते.

आता माझ्याकडेही एक यादी असते. गटातली दहा नावं, आणि ज्याला प्रश्न विचारला त्याच्यापुढे खूण. ही यादी पहिल्यांदा केली त्या दिवशी, तास संपल्यावर मोजल्या तर खुणा चारच निघाल्या.

इतकी वर्षं मी स्वतःला पाचपैकी पाच देत आलो होतो.