सीटखालची पिशवी

आमची गाडी सेकंडहँड, पण ड्रायव्हरची सीट बटणावर सरकते. एक नंबरचं बटण माझं, दोन नंबरचं पत्नीचं. मी उंच, ती ठेंगणी. गेल्या महिन्यात सीट रुसली. बटण दाबलं की बोटभर सरकायची आणि थांबायची. पत्नीला नाइट ड्यूटीला जायचं होतं, पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. दहा-बारा वेळा बटण दाबून तिने कशीबशी सीट पुढे आणली.

मी थेट धाकट्याला धरलं. अकरा वर्षांचा, त्या बटणांशी सतत खेळणारा. "अब्बू, मी काही नाही केलं," तो म्हणाला. मी ऐकलं नाही. पुढचे दोन दिवस तो माझ्यासमोर जेवायलाही बसला नाही.

वर्कशॉपमध्ये सीट न उघडताच निकाल मिळाला : मोटर गेली, अख्खी बदला. आकडा ऐकून परत आलो आणि मोहल्ल्यातल्या इलेक्ट्रिशियन चाचांकडे गेलो.

चाचांनी आधी विचारलं, "सीट वर-खाली होते? पाठ मागे जाते?" दोन्ही होत होतं, म्हणजे फ्यूज शाबूत. "और थोडी तो सरकती है ना? मोटर जिंदा है, सर."

मोटरमध्ये एक छोटा हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. मोटरबरोबर चुंबक फिरतं, सेन्सर दर फेरीला इशारे पाठवतो आणि ते मोजून मॉड्यूलला सीट कुठे आहे ते कळतं. इशारे आलेच नाहीत, तर काहीतरी अडकलंय असं समजून मॉड्यूल मोटर बंद करतं.

चाचांनी मीटर लावला. सेन्सरला पुरवठा येत होता, अर्थही ठीक होता. तिसरी, इशाऱ्याची तार मात्र मुकी. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून दहा मिनिटं थांबले. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरला त्यांनी मीटर लावला नाही. तो एअरबॅगच्या सर्किटचा. सीट उलटी केली, तर रुळापाशी ती तार घासून तुटलेली. तिला रुळावर ढकलणारी वस्तूही तिथेच होती : सहामाहीच्या उत्तरपत्रिकांची पिशवी. मीच कोंबलेली.

तार सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवली, रुळापासून दूर बांधली. सीट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे नेली आणि दोन्ही बटणांत जागा पुन्हा भरल्या. चाचांनी चारशे रुपये घेतले.

बी.एड.ला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवली होती : आधी चूक कुठे होते ते शोधा, मग उपाय. उर्दूत त्याला तशखीस म्हणतात. वर्गात मी ती वर्षानुवर्षं घेतो. घरी मात्र एकही प्रश्न न विचारता गुण देऊन मोकळा झालो होतो.

संध्याकाळी धाकट्याला गाडीपाशी नेलं, तुटलेल्या तारेचा तुकडा आणि पिशवी दाखवली. "चूक माझी होती. तू खरं बोलत होतास."

तो बराच वेळ तारेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आता बटण दाबू?"